मेश्का

देशाचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.
तिघंच होते ते, आणि पाच पेट्या.
म्हातारा यूस्तिनास, रूता,
आणि अस्वलाच्या आत शिरणारा दैनियस.
मी माझी मॅजिक घेऊन वडशाच्या स्टेशनवर उभा,
हातात पुठ्ठा, त्यावर स्केचपेननं त्यांचं नाव,
एक अक्षर चुकलेलं.

सोळा दिवस, एकवीस शाळा.
दिवाळी ते होळी मी झाडीतल्या नाटकांचे दिवे लावतो,
रात्र उजाडेपर्यंत चालणारी नाटकं, हजार-दीड हजार माणूस.
यांचं नाटक चाळीस मिनिटांचं,
बिनशब्दांचं,
दिवे दोन.
मनात म्हटलं, एवढ्यासाठी समुद्र ओलांडला?

अस्वलाला ते मेश्का म्हणायचे.
मी मेश्राम.
तिसऱ्या दिवशी यूस्तिनासनं
एक बोट त्याच्याकडे केलं, एक माझ्याकडे,
आणि दोन्ही जुळवली.
तेव्हापासून पेटी उचलताना मी म्हणायचो, चल रे भाऊ.

दौरा कुठलाही असो, खिडकीच्या गजांना ओले मोजे असतातच,
आणि कुणाचं तरी पोट बिघडलेलं.
दैनियस तर्री पिऊन रडला, मग अजून मागितली.
रूता रोज रात्री पाण्याच्या टाकीवर चढायची,
रेंजची एक कांडी तिथंच सापडते.
पोरगी तिकडून खिडकीतला बर्फ दाखवायची,
ही इकडून अंधार,
आणि फोन हवेत धरून रातकिडे.

बाराव्या दिवशी भुरकुंडीटोला.
पोट्टे मोह वेचून थेट शाळेत आलेले,
व्हरांड्यात टोपल्यांची रांग, गोड जड वास.
मेश्का नाचत आत आला.
एरवी इथं हशा पिकतो.
इथं साठ लेकरं मागच्या भिंतीला चिकटली.
ओरडलं कुणीच नाही. ते जास्त वाईट होतं.

मला माहीत होतं.
मोहाखाली पहाटे कोण येतं, काय करतं,
मी इथलाच.
सांगायला हवं होतं,
दोन दिव्यांच्या तोऱ्यात राहून गेलं.

खिचडीचा डाव हातात तसाच घेऊन
भागरथाबाई कोवे स्वयंपाकखोलीतून आली.
डोळ्यापासून जबड्यापर्यंत
तिचा डावा गाल वाकळीसारखा शिवलेला.
दैनियसला अस्वलाच्या गळ्यातल्या जाळीतून दिसतं, तेही थोडं.
तो नाचत राहिला.
मग थांबला.
मग त्यानं डोकं काढलं.
आत पिवळे ओले केस, लाल तोंड.

तिनं डोकं त्याच्या हातातून घेतलं,
मनगटापर्यंत हात त्याच्या तोंडात घातला,
चाचपलं.
‘याले तं दातच नाही, बाप्पा.’
भिंतीकडून कुणीतरी खुदकन हसलं.
तिनं ते उलटं करून हुंगलं.
‘घामाचा वास येते. माणसाचा.’
मग मांडी घालून सर्वांत पुढं बसली,
डोकं मांडीवर.
‘कर आता.’

उरलेलं नाटक त्यानं तसंच केलं,
खाली अस्वल, वर दैनियस.
पिल्लू हरवतं त्या जागी
तो शोधत शोधत तिच्यापर्यंत आला,
आणि एक बारका आवाज, ‘तिच्यापाशी आहे!’
तिनं लगेच दिलं नाही.

रात्री मी रूताला सगळं सांगितलं, फोनमधून.
तिनं सांगितलं, त्यांच्याकडं लेकरं
अस्वलाला पांघरुणात घेऊन झोपतात.
बराच वेळ ती टाकीकडं गेली नाही.
मग तिच्या फोनमधली बाई शहरी मराठीत म्हणाली,
‘क्षमा करा. आम्हाला अस्वल माहीत नव्हते.’

पुढच्या प्रत्येक शाळेत नाटकाआधी
डोकं लेकरांत फिरायचं,
बोटं घालून दात शोधायला.

परतताना नागपूरला वजन जास्त भरलं.
दैनियसनं माझ्या हातात डोकं दिलं,
काही बोलला, मला कळलं नाही,
मीही काही बोललो, तेही गेलंच असेल वाया.

आता ते माझ्या शेडमध्ये आहे, वायरींच्या खुंटीला.
चैत लागला की त्याच्यावर दुपट्टा टाकतो,
नाकावर दोनदा गुंडाळून.
मोहाचा वास लागू नये म्हणून.